ड्रिल मशीनची अंघोळ

गिरणी बंद पडल्यावर ह्यांनी एक जुनं ड्रिल मशीन घेतलं. मुलुंडला तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. लोकांना पडद्यांचे दांडे, आरसे, देव्हारे भिंतीला लावून हवे असत. ह्यांच्या जुन्या पँटची मी पिशवी शिवली होती, तिच्यात मशीन घालून हे घाटकोपरहून जायचे.

मशीन धातूचं होतं, म्हणून त्याच्या वायरीत तीन तारा होत्या. आतला करंट बाहेर आला तर तिसरी तार तो जमिनीत नेते, माणसाला लागू देत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पण आमच्या चाळीत आणि गिऱ्हाइकांच्या बऱ्याच घरांत भिंतीतल्या प्लगला दोनच भोकं. मग त्यांनी तिसरी तार कापली आणि दोन पिनांचा प्लग बसवला. "चालतं गं, सगळे असंच करतात," म्हणाले. एरवी काळजी फार घ्यायचे. प्लग काढल्याशिवाय भोक पाडायच्या बिटाला हात लावत नसत, आणि रोज ब्रशने फटींतली धूळ झाडत.

दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा होत असे. त्या वर्षी सकाळी म्हणाले, "आता आपलं यंत्र हेच. नीट कर पूजा." आणि अंघोळीला गेले. मी देव घासून ताम्हणात ठेवलेच होते. देवांना घातली तशी मशीनलाही अंघोळ घालावी असं मला वाटलं. एक पळी दूध, मग दोन पळ्या पाणी. पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पुसताना पाहिलं की फटींतून थोडं आत गेलंय. वरून कोरडं दिसत होतं. हे येऊन हात जोडून उभे राहिले, तेव्हा सणाच्या दिवशी कशाला बोलणी खायची म्हणून मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला स्टुलावर उभं राहून भोक पाडताना ह्यांना शॉक बसला. ते खाली पडले आणि उजवं मनगट अंगाखाली सापडलं. त्या घरातला माणूस त्यांना रिक्षाने घेऊन आला. हाड बसवलं, पण वाकडं बसलं. बघायला येणाऱ्यांना हे सांगत, "हिने पूजा केली होती म्हणून वाचलो." आणि माझ्याकडे बघत. मी चहाच्या निमित्ताने आत जायची.

हात गळ्यात बांधलेला, म्हणून मशीन दुरुस्तीला मलाच न्यावं लागलं. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. दुकानदाराने मशीन उघडलं, नाकाशी नेलं.

"वहिनी, आत दूध कुणी घातलं?"

मी खाली बघत राहिले. त्याला काय ते कळलं. दसऱ्यानंतर अशी एकदोन येतातच म्हणाला. कुंकू वरून लावायचं, पुसायचं कोरड्या फडक्याने, आत थेंब जाऊ द्यायचा नाही. मग वायर हातात धरून म्हणाला, "पण ही तिसरी तार असती ना, तर एवढं झालं नसतं."

घरी येईपर्यंत मी तेवढंच वाक्य घोकत होते.

"काय म्हणाला?" ह्यांनी विचारलं.

"तिसरी तार हवी होती म्हणाला."

ते खोटं नव्हतं. ह्यांनी डाव्या हाताने गळ्यातली पट्टी सावरली. मग म्हणाले, "म्हणजे मीच केलं." मी तांदूळ निवडायला घेतले.

हाताची मूठ पुन्हा वळली नाही. तिसरी तार लावून आलेलं मशीन त्यांनी दिराला देऊन टाकलं आणि कांदिवलीला वॉचमनच्या खुर्चीवर बसायला लागले. चाळीत कुणीही मशीन आणलं की उठून जात, आधी प्लग बघत. दोन पिना दिसल्या की आपलं मनगट पुढे करत. "मी कापली होती तार. माझा हात मीच घालवला." आत मला ऐकू यायचं. लोकांनी त्यांचं ऐकून तिसऱ्या तारा लावून घेतल्या, ते बरंच झालं.

सांगितलं असतं तर रागावले असते. चार दिवस बोलले नसते. मग मशीनला अंघोळ घातली म्हणून हसलेही असते, चाळभर सांगत सुटले असते. तेवढंच सोसायचं होतं मला. त्यातली अर्धी चूक माझी होती. त्यांनी सगळी आपल्याकडे घेतली आणि मरेपर्यंत वागवली, आणि मी वागवू दिली.