फुगलेल्या बॅटऱ्यांची मारबत

देवकाबाईला देवळीच्या बाजारात लोक वाट करून देतात. त्यात आदर थोडा, धाक जास्त. भर बाजारात तिनं एका माणसाचं नाक कापलं आणि त्याचं तिला तिळमात्र वाईट वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात, हरभऱ्याच्या फवारणीच्या दिवसांत, पंपाची बॅटरी गेली म्हणून तिनं ती देवळीतल्या भैय्याजींच्या बॅटऱ्यांच्या दुकानातून बदलून आणली आणि पंप चार्जिंगला लावला. कुठे? कापसाच्या खोलीत. भाव चढेल या आशेनं घरोघरी छतापर्यंत कापूस भरलेला असतो आणि विजेचा बोर्डही नेमका त्याच खोलीत. सगळं गाव तिथंच लावतं. बॅटरी फुटली आणि वर्षाचा कापूस घटकाभरात राख झाला.

भैय्याजी पाहायला आले, हळहळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बॅटरीले काई नाई होत. कापसात चार्जिंग लावते का कोनी? बाईची चूक."

तिथं लावायला नको होतं, हे खरंच. पण बॅटरीत काय भरलंय ते या भल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. देवकाबाईचा नवरा महादेवराव त्याचंच ऐकून बसला. त्या दिवसापासून त्यानं बायकोशी बोलणं टाकलं. ताट वाढलं की मुकाट जेवायचं आणि उठायचं. कापूस काय, पुढच्या वर्षी पुन्हा पिकतो. घर जाळल्याचा बोल बाईच्या माथ्यावर जन्मभर राहतो. देवकाबाईनं मनाशी गाठ मारली, याच भैय्याजीच्या तोंडून खरं वदवीन.

आग विझवायला आलेल्या बंबावरच्या माणसानं जाता जाता सांगितलेलं तिनं नीट ध्यानात ठेवलं होतं. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात की चुलीत टाकायची नाही. टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या रेतीत, घरापासून लांब ठेवायची. ती दारोदार फिरली. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या खाटेखाली भैय्याजींच्याच दुकानातल्या बॅटऱ्या फुगून पडलेल्या. तिनं त्या रेतीच्या डब्यांत भरून वावरातल्या टिनाच्या छपराखाली ठेवल्या आणि वाट पाहिली. डूख कसा धरावा हे नागिणीनं तिच्याकडून शिकावं.

या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलतात आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत गावाच्या शिवेबाहेर टाकून येतात. यंदा देवकाबाई बायकांना म्हणाली, "शिवेवर काऊन टाकता? ज्याची पीडा त्याच्याच दारी नेऊ."

पळसाच्या फांद्या आणि रेतीचे डबे घेऊन बायका मालऑटोनं देवळीत उतरल्या. गंमत पाहायला अर्धं गाव मागोमाग आलं, त्यात महादेवरावही. भैय्याजींच्या दुकानाच्या पायरीवर डबे मांडून देवकाबाईनं झाकणं काढली. आत भाकरी फुगाव्या तशा बॅटऱ्या.

"तुमचंच सामान आहे. ठेवून घ्या दुकानात."

भैय्याजींचं तोंड उतरलं. दुकानाच्या वरच त्यांचं बिऱ्हाड. "बाई, उचला हे इथून! एखादी फुटली तं समदं घर जळन माहं!"

"काऊन? बॅटरीले काई नाई होत म्हनलं होतं न तुमी?"

गर्दीत हशा पिकला. गिऱ्हाईकं पायरीवरून मागं सरली. देवकाबाई हसली नाही. "माह्या पंपात काय भरलं होतं ते सांगा. नाईतं डबे इथंच ठेवून जातो आमी."

"जुने सेल होते," भैय्याजी पुटपुटले.

"जोरानं."

"जुने सेल होते! नव्या खोक्यात भरून देल्ले मीनं."

तरी तिनं सोडलं नाही. एकेक डबा त्यांच्या डोक्यावर देऊन, जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या केंद्रापर्यंत त्यांना भर बाजारातून खेपा घालायला लावल्या. मागून बायका मारबतीच्या आरोळ्या ठोकत होत्या. भैय्याजींच्या मानेवरून ओघळणारा घाम पाहून देवकाबाईचं काळीज थंड झालं.

परतताना महादेवराव जवळ आला. इतक्या महिन्यांनी त्यानं तोंड उघडलं. "देवका, चाल, घरी जाऊ."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भैय्याजीनं तं धंद्यापायी खोटं सांगतलं," ती म्हणाली. "तुमी काऊन खरं मानलं?"

देवकाबाई ऑटोत बायकांमध्ये जाऊन बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चाल."