आडवी ठेवलेली काठी

सूहुईचा उजवा खांदा दुखतो हे तटाच्या आतल्या सगळ्या गावाला माहीत होतं. शाळेच्या मैदानावर मुलींना भाला शिकवताना ती मध्येच थांबायची, डाव्या हाताने खांदा दाबून धरायची आणि म्हणायची, "तुम्ही चालू ठेवा गं. याचं रोजचंच आहे." मुली चालू ठेवायच्या. मेणझाडाच्या लवचीक लाकडाच्या आठ-आठ हात लांब काठ्या हवेत वर्तुळं काढायच्या आणि त्यांची टोकं पाण्यातल्या गवतासारखी थरथरत राहायची.

भाला म्हणायचा एवढंच, त्याला पातं नव्हतं. लुआन घराण्यात पातं कधी कुणी लावलंच नाही. सूहुईचे वडील, लुआन बाओथियान, म्हणायचे की ज्याला काठी ऐकू येते त्याला पातं कशाला हवं? समोरच्याची काठी आपल्या काठीला टेकली की त्याच्या मनात काय आहे ते लाकडातून तळहातात उतरतं. तोंडाने माणूस काहीही बोलेल, काठीने खोटं बोलता येत नाही. लहानपणी ऐकलेलं हे वाक्य सूहुईने जपून ठेवलं होतं.

खरं तर काठी तिच्या धाकट्या भावासाठी आणली होती. देलिनला पहाटे उठवलं की तो आईच्या पांघरुणात शिरायचा. मग त्या काठीशी सूहुईच उभी राहू लागली. वडिलांनी हाकलून दिलं नाही. त्यांनी तिला पहिली गोष्ट शिकवली ती काठी ठेवायची. ती भिंतीला टेकवून ठेवायची नाही, जमिनीवर तर नाहीच नाही. टोकाला दोरी बांधून वाशाला उभी टांगायची. "आडवी ठेवलीस तर ती झोपते," ते म्हणायचे. "झोपलेल्या काठीची कंबर जाते." एकदा खेळण्याच्या नादात तिने काठी अंगणात टाकली, तर त्या दिवशी तिला जेवण मिळालं नव्हतं.

वर्षं गेली. तिच्या तळव्यांच्या घामाने आणि तेलाने पांढरी काठी मधाच्या रंगाची झाली. लग्न होऊन ती उत्तर दरवाजाजवळच्या गल्लीत गेली. नवरा बसगाड्या दुरुस्त करायचा. मूल झालं नाही, आणि पुढे नवराही गेला. ती रोज सकाळी बाजरीची पेज आणि मुळ्याचं लोणचं घेऊन वडिलांकडे यायची, त्यांच्यासमोर काठीचे फेर, म्हणजे ठरलेले डाव, ओळीने काढायची. थंडीत खांदा धरला की म्हातारा स्वतः औषधी दारू गरम करून त्यावर चोळायचा. एवढा जपून, की तिला आई आठवायची.

लुआनांचा शेवटचा फेर गावातल्या इतरांपेक्षा वेगळा होता. इतर घराण्यांत मागचा हात कमरेशी राहायचा, सूहुईचा छातीपर्यंत उचलला जायचा. कुणी त्याबद्दल विचारलं की ती मान ताठ करून सांगायची, "आमच्या घराचा ठसा आहे तो." एखादा जोरदार माणूस समोर आला की नेमक्या त्याच ठिकाणी तिची काठी निसटायची. त्यात आपलाच कच्चेपणा आहे असं समजून ती आणखी घासायची.

यंदा शरदातल्या जत्रेत वारं सुटलं. तटाखाली तिची भावजय, देलिनची बायको छ्याओलिंग, गाढवाच्या मांसाचं सॉसेज विकायला बसली होती. ताडपत्री फुगली, तंबूचा बांबू उपटून वर उठला. छ्याओलिंगने सुरी टाकली आणि बांबू दोन्ही हातांत धरला. मागचा हात कमरेला चिकटलेला, कंबर जराशी वळली, आणि तो एवढा मोठा बांबू मुकाट खाली येऊन जागेवर बसला.

सूहुई पलीकडे रांगेत उभी होती. ती रांग सोडून पुढे आली.

"हे कुठं शिकलीस?"

"काय? तंबू धरायला? पोट शिकवतं, ताई. रांगेत उभ्या राहा, नाहीतर लोक म्हणतील नणंदेला फुकट देते."

"मस्करी नको. मागचा हात कुणी शिकवला?"

छ्याओलिंगने हात फडक्याला पुसले. आधीच पुसलेले हात पुन्हा पुसले. "गिऱ्हाईक खोळंबलंय."

"गिऱ्हाईक जाईल. मी जाणार नाही."

जत्रा उठल्यावर, उजेड होता तोवर, दोघी छ्याओलिंगच्या परसात समोरासमोर उभ्या राहिल्या. काठीला काठी टेकली. सूहुईने शेवटचा फेर सुरू केला, हात छातीकडे उचलला, आणि समोरून टाचेतून उठल्यासारखा जोर आला. तिची काठी हातातून सुटून कोळशाच्या वड्यांवर जाऊन पडली. छ्याओलिंगला धापही लागली नव्हती.

"लग्न झालं त्या पहिल्या हिवाळ्यात शिकवलं मामंजींनी," छ्याओलिंग काठी उचलून देत म्हणाली. "परसाचं दार लावून. यांना नको होतं, म्हणून मला. पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपुढे उदबत्ती लावून शपथ घेतली माझ्याकडून, घराबाहेर जाऊ द्यायचं नाही."

"मला वाटायचं तुझ्या खोकल्यासाठी व्यायाम देतायत."

"मलाही तेच हवं होतं. मला काय करायचंय भाल्याचं? मला दुकानाला पत्रा हवाय." ती जरा थांबली. "ताई, तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं होतं मला. मुलीला शेवटचा फेर देत नाहीत, सुनेला देतात. कुठल्या घरात वेगळं आहे?"

"न देणं वेगळं," सूहुई म्हणाली. "चुकीचा देणं वेगळं."

दुसऱ्या दिवशीही तिने पेज नेली. म्हातारा अंगणात कोवळ्या उन्हात बसून तळहातात दोन अक्रोड फिरवत होता. रात्रभर दव पडून फरशीच्या विटा ओल्या झाल्या होत्या. तिने पेज वाढली, लोणचं शेजारी ठेवलं.

"बाबा, मला शेवटचा फेर द्या."

"साठीला टेकलीस. आता शेवटचा काय आणि पहिला काय!"

"माझा चुकीचा आहे. शाळेतल्या मुलींना मी तोच शिकवतेय."

अक्रोड थांबले. चुकीचा कसा, हे त्यांनी विचारलं नाही. "छ्याओलिंग बोलली?" एवढंच विचारलं.

"माझा खांदा बोलला."

म्हाताऱ्याने पेजेचा घोट घेतला. "तू दुसऱ्या घरची होणार होतीस. तुला पोरं झाली असती, त्यांचं आडनाव वेगळं असतं. माझ्या बापाने मलाही असंच बजावलं होतं."

"मग सांगायचं होतंत, इथून पुढे नाही. मी वाकून नमस्कार केला असता आणि थांबले असते."

"तू? तू थांबली असतीस?" त्यांच्या आवाजात एकाएकी कौतुक आलं. "देलिन थांबला असता. तू शोधून काढला असतास. रिकामी जागा दिसली की तू बोट घालणारी पोर. म्हणून त्या जागी काहीतरी ठेवावंच लागलं."

उभ्या आयुष्यात त्यांनी तिची एवढी स्तुती कधी केली नव्हती.

"आणि दारू चोळायचात ती?"

"खांदा दुखायचा ना तुझा," म्हातारा म्हणाला. याहून सोपं उत्तर नसावं तसं.

मग त्यांनी वाटी खाली ठेवली. "आण काठी. छ्याओलिंगला आलं ते तुला न यायला काय झालं?"

सूहुई उठली. तिने वाशाची दोरी सोडून त्यांची काठी दिली, आपली घेतली. काठ्या टेकल्या. तिने डोळे मिटले. म्हाताऱ्याचे हात बारीक झाले होते, पण लाकूड जागं होतं. फेर सुरू झाला. मागचा हात कमरेशी राहिला, कंबर वळली, आणि अगदी शेवटी, जिथे काल छ्याओलिंगचा तो टाचेतला जोर आला होता, तिथे लाकूड किंचित पोकळ झालं. वजन हळूच खांद्यावर सरकलं.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा तेच, त्याच जागी. म्हातारपणाचा थरथराट असता तर जागा बदलली असती. ही पोकळी सुबक होती, मुद्दाम हाताने घडवलेली.

"हाच तो," म्हातारा म्हणाला. "शिकव तुझ्या मुलींना."

सूहुईने डोळे उघडले. ते तिच्याकडे मायेने पाहत होते, आणि ती मायाही खोटी नव्हती. तिने पेजेच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग वाकून आपली मधाच्या रंगाची काठी ओल्या विटांवर आडवी ठेवली आणि दाराकडे निघाली.

"सूहुई! काठी उभी कर!"

ती उंबरा ओलांडून गेली.

"वाकेल ती! ऐकू येत नाही का? सूहुई!"

गल्लीच्या वळणापर्यंत तो आवाज येत राहिला.

मैदानावर मुली वाट बघत होत्या. रिकाम्या हातांनी आलेल्या बाईंना बघून एकीने विचारलं, "बाई, काठी विसरलात?"

"आजपासून शेवटचा फेर बंद," सूहुई म्हणाली. "इथून पुढचं मला येत नाही."

मुली हसल्या. बाई कधीतरीच थट्टा करायच्या. पुढच्या रांगेतल्या उंच मुलीने तर लगेच तो फेर काढून दाखवला, हात छातीपर्यंत नेऊन, डौलात, थेट सूहुईसारखा.

सूहुई तिच्यापाशी गेली आणि तिचं कोपर धरून खाली आणलं.

"हात खाली घे," ती म्हणाली. "खांदा जाईल."