आधी बदललेली, नंतर तयार झालेली फाइल

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. कोथरूडमधल्या एका खासगी क्लासच्या ज्येष्ठ शिक्षकांनी आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती. हाताखालच्या तरुण शिक्षिकेने त्यांच्या भौतिकशास्त्राच्या नोट्स चोरल्या, असं त्यांचं म्हणणं. क्लासने तिला कामावरून थांबवलं होतं. गुन्हा दाखल झाला असता, तर दुसऱ्या कुठल्याही क्लासने तिला दारात उभं केलं नसतं.

तपास माझ्याकडे आला. दोघांचे लॅपटॉप पंचांसमोर ताब्यात घेतले आणि फाइली ‘क्रिएटेड’च्या तारखेने लावल्या. सरांच्या लॅपटॉपवर नोट्स जूनमधल्या, बाईंच्या ऑगस्टमधल्या. झालं की! बाईंना सकाळी दहापासून बाकावर बसवून ठेवलं.

“अहो साहेब, त्या माझ्याच नोट्स आहेत. ऑगस्टमध्ये मी फक्त लॅपटॉप नवा घेतला,” त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

“वा! चोरीच्या मालाला नवं कपाट,” मी म्हणालो.

ठाण्यात नुकतीच एक महिला उपनिरीक्षक रुजू झाली होती. संगणकाचं काही अडलं की साहेबसुद्धा तिलाच हाक मारत. नोकरीत तीस वर्षं माझी गेली, आणि चहाच्या वेळी कौतुक तिचं! मी जळत होतो, सरळच सांगतो. म्हणूनच तिला काही विचारलं नाही. शेवटी दुपारी तीच माझ्या टेबलाशी आली.

“सर, शेजारचा ‘मॉडिफाइड’चा रकाना पाहिलात का? दोन्हीकडे मार्च आहे. जूनमध्ये तयार झालेली फाइल मार्चमध्ये कशी बदलेल?”

“मशीन बिघडलं असेल.”

“नाही सर. फाइल कॉपी केली की ‘क्रिएटेड’मध्ये कॉपी केल्याची तारीख पडते. ‘मॉडिफाइड’ची जुनीच राहते. म्हणजे या दोन्ही नकलाच आहेत. बाईंचा जुना लॅपटॉप पाहायला हवा.”

तो विश्रांतवाडीला त्यांच्या बहिणीकडे होता. त्यावर फाइल जानेवारीत तयार झालेली, मार्चमध्ये शेवटची बदललेली. शिवाय शेजारी कच्चे मसुदे.

मग सरांना समोर बसवलं. तासभर टोलवाटोलवी केल्यावर ते मान खाली घालून बोलले, “जूनमध्ये तिच्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर घेतल्या. पंचवीस वर्षं शिकवतोय मी. आणि मुलं मलाच विचारतात, मॅडमच्या नोट्स आहेत का? किती दिवस ऐकून घ्यायचं?”

जबाब लिहिताना माझा हात थांबला. त्या उपनिरीक्षक मुलीबद्दल मी घरी बायकोपाशी अगदी अशीच कुरकुर केली होती.

बाईंना नोकरी परत मिळाली. तारखेवर विश्वास ठेवण्याआधी ती कशाची तारीख आहे ते विचारावं, एवढं मी शिकलो. हेवा माणसाला समोरचा रकानाही दिसू देत नाही, हेही शिकलो. पण शिकलो म्हणजे सुधारलो असं नव्हे. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं, ‘तारखांमधील तफावत माझ्या निदर्शनास आली.’ प्रशस्तिपत्रक माझ्या नावाने आलं. त्या मुलीने सगळ्यांसमोर “अभिनंदन, सर” म्हणत सॅल्यूट केला, आणि मी तो घेतला.