छत्री आणि चटणी

“छत्री कशाला घेतलीस रं? धारेवर उघडलीस तर थेट तिबेटात उतरशील की गड्या!” लोणंद स्टेशनच्या बाकावरून एक रिटायर फौजी ओरडला. आवाज असा, की येणारी मालगाडी सिग्नलबाहेरच थबकली.

हिमालयातल्या डोंगरधारेवरून काही दिवस चालायचं, ओझं स्वतःच वाहायचं, असा आम्हा तिघांचा बेत होता आणि ते ओझं कमी करण्यावरून फलाटावर भांडण जुंपलं होतं. फौजीनं न विचारताच आमच्या सॅक उपसल्या. त्याच्या मिशीवर आमचे सगळे टॉवेल वाळले असते, पण त्यानं एकच ठेवला. “तिथं आंघोळ कोण करतंय?”

शेवटी आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची काचेची बरणी निघाली. ती टाकून दे म्हणून दोघं सकाळपासून माझ्या मागे लागले होते. फौजीनं झाकण उघडून वास घेतला आणि एवढ्या आवाजाचा माणूस चक्क गप्प झाला. मग त्यानं बरणी माझ्या स्वेटरात गुंडाळली आणि अलगद सॅकमध्ये ठेवली.

“काका, तिकडं लय वर्षं होता? कुठली शिखरं चढलात?” मी विचारलं.

“शिखर एक बी न्हाई. पलटणीचा भात शिजवायचो. तिथं लवकर शिजत न्हाई.”