मागून उठणारी गाडी

माझी गाडी जुनी आहे, परदेशी आहे आणि लांबलचक आहे. नवरा एका कापड व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होता. व्यापाऱ्याने नवी गाडी घेतली तेव्हा ही कुणी घेईना, म्हणून आमच्या दारात आली. नवरा गेला तेव्हा गल्लीला वाटलं, आता ही भंगारात जाणार. मी पन्नाशीत ड्रायव्हिंग शिकले. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण क्लच दाबायला शाळा लागत नाही.

गाडीतून माझी कडक भाकरी जाते. ज्वारीची, पापडासारखी पातळ, खोक्यांत थप्प्या लावून भरलेली. ती मी बार्शीपर्यंतच्या दुकानांत स्वतः पोचवते. ही भाकरी दणका सोसत नाही. एकदा टेम्पोने पाठवली, तर दुकानदाराने चुरा परत पाठवला. माझ्या गाडीत तसं होत नाही. तिच्या मागच्या चाकांवर तेलाचे खांब आणि गॅसचे गोळे आहेत. मागे माल भरला की बूड खाली जातं, आणि इंजिन चालू केलं की ती आपणहून बूड उचलून सपाट होते. बसलेली म्हैस आधी मागून उठते, तशी.

मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. यंदा तो गाडी घेऊन मंद्रूपला पाहुण्यांच्या शेतावर गेला. परत आला तेव्हा गाडीचं बूड जमिनीला टेकायचं बाकी होतं. इंजिन कितीही वेळ चालू ठेवलं तरी उठेना.

"आई, बास झालं आता," तो म्हणाला. "गिऱ्हाईक बघितलंय मी. रविवारी येतोय."

"गाडी कुणाची?"

"तुझीच की."

"मग गिऱ्हाईक कुणाचं?"

"वय बघ की तुझं! भाकरी टेम्पोनं पाठव अन् घरी बस निवांत."

घरी बसलेल्या बायका मी बघितल्यात. सून सांगेल ती मालिका बघतात आणि विचारून चहा पितात. गाडी गेली की माझंही तेच होणार, हे त्याला कळत होतं आणि मलाही. मी किल्ली कनवटीला लावली आणि गाडी तशीच बूड घासत गॅरेजवाल्या उस्तादकडे नेली.

उस्तादने गाडी जॅकवर चढवली, खाली डोकावला आणि मान हलवली. "मावशी, मागचं सगळं मेलंय. लोखंडी स्प्रिंगा टाकून देतो. झंझट खतम."

"अन् माझी भाकरी?"

"भाकरी काय, खाताना मोडायचीच असते की."

मी हसले नाही. तेल गळून गेलं असेल असं धरून मी येताना डबा आणला होता, तिच्या स्वतःच्या तेलाचा. ब्रेकचं तेल ओतलं तर रबरं फुगतात. बॉनेट उघडून तेलाच्या बरणीचं झाकण काढलं, तर तेल गळ्यापर्यंत भरलेलं. म्हणजे गळालं नव्हतं. मागचं तेल पुढे परत आलं होतं.

नवरा सांगायचा, हिला जॅकवर तपासायचं नाही. चाकं लोंबली की हिला वाटतं बूड फार वर गेलं, आणि ती तेल सोडून देते.

"उतरव खाली," मी म्हटलं. "तपासणीच्या खड्ड्यावर घे."

"खड्ड्यात तुम्ही उतरणार?"

"तू दिवा धर."

लुगडं खोचून मी उतरले. मागच्या दांड्यापासून एक वीतभर सळई वर जाते आणि तेलाच्या झडपेचा कान हलवते; तेल भरायचं की सोडायचं, ते त्या कानावर ठरतं. तिथे सळईही दिसेना आणि कानही. मंद्रूपच्या काळ्या मातीचा गोळा होता, वाळून दगड झालेला. उस्तादने पाणी मारून स्क्रू ड्रायव्हरने तो फोडला. सळई कानातून निसटून लोंबत होती, आणि कान तेल सोडायच्या बाजूला, चाकं लोंबली की जातो तसा, गच्च रुतलेला होता.

मी तिथूनच मुलाला फोन लावला. "शेतात पंक्चर झालं होतं?"

"झालं होतं."

"चिखलातच जॅक लावला?"

"मग चाक काय दातानं काढू?"

उस्तादने कान धुतला, हलवून मोकळा केला आणि सळई अंगठ्याने दाबून बसवली. मग म्हणाला, "गॅसचे गोळे पण म्हातारे झालेत, मावशी. बदलायला लागतील."

"लागतील तेव्हा बदलू. तू आतापासून रडू नको."

रविवारी सकाळी मी खोकी भरली. बूड खाली गेलं. मुलगा दारात हाताची घडी घालून उभा होता.

"मागं बस," मी म्हटलं.

"मी कशाला?"

"वजन कमी पडतंय. बस."

तो डिकीच्या काठावर, खोक्यांना टेकून बसला. गाडी आणखी खाली गेली. मी इंजिन चालू केलं आणि आरशात बघत राहिले. आधी काहीच झालं नाही. मग त्याची पाठ हळूहळू वर सरकायला लागली. त्याने डिकीचा काठ घट्ट धरला.

"गिऱ्हाइकाला फोन कर," मी म्हटलं.

"काय सांगू त्याला?"

"गाडी बार्शीला गेली म्हणून सांग."

"अजून गेली कुटं?"

"मग उतर की."