नाटकाच्या उजेडात घेतलेला प्लॉट

"साहेब, माह्या प्लॉटवरची लाइट चोरीले गेली!"

वडशाच्या आमच्या वीज ऑफिसात सकाळीच हा आवाज घुमला. असा आवाज एकाचाच. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत हमखास खलनायक होणारे देविदासभाऊ. मी तिथे जेई, ज्युनियर इंजिनिअर होतो. म्हणजे खांब, तारा आणि लोकांची बोलणी, सगळं माझ्याकडे.

भाऊंचा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेला. आता कुठे गावाबाहेर स्वतःचा प्लॉट घेतला होता. पाया भरला आणि मिस्त्रीने मोटर लावायला लाइट मागितली. साइटवर गेलो. सर्वात जवळचा खांब धानाच्या तीन बांध्या ओलांडून.

"भाऊ, इथे लाइट होती कधी?"

"काऊन नव्हती? तीन वर्षं याच जागेवर खून करून राह्यलो, भर उजेडात! लाइट पाहूनच तर घेतला प्लॉट."

मला हसू आवरेना. ते होतं टेम्पररी कनेक्शन. नाटक मंडळ अर्ज करतं, लाकडी बल्ल्यांवरून वायर येते, नाटक संपलं की गुंडाळली जाते. भाऊ इथे आले ते फक्त नाटकाला. अंधार त्यांनी पाहिलाच नव्हता!

मी एस्टिमेट काढलं. चार खांब, तार, खड्डे, मजुरी. आकडा पाहून भाऊ मटकन खुर्चीत बसले.

"साहेब, दिवाळी झाली का मी चार महिने दौऱ्यावर. माही बायको मंगला, तिले एकटीले अंधारात ठेवू का?"

मला खरंच वाईट वाटलं. म्हटलं, "आजूबाजूचे प्लॉटवाले गाठा. सगळ्यांचा एकच अर्ज करा, खर्च वाटला जाईल."

भाऊ आठवडाभर फिरले. एक सही मिळाली नाही. "मले पाहूनच दार लावतेत, साहेब!" मग मंगलाबाई निघाल्या. दोन दिवसांत सहा सह्या टेबलावर.

"बाई, असं सांगितलं तरी काय?"

"काई नाई. म्हटलं, सही करा, नाई तर यायलेच पाठवते परत."

खांब उभे राहिले, मोटर चालली आणि दिवाळीच्या आधी घरही उभं राहिलं. घरात बुद्धवंदना झाली. पहिलं बटण मंगलाबाईंनी दाबलं आणि गावोगावच्या नायकांना रडवणारा आमचा खलनायक ढसाढसा रडला.

तेव्हापासून प्लॉट घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. तिथे लाइट दिसते का, ते पाहू नका. तिचं बिल कोणाच्या नावावर येतं, ते विचारा.