न जोडलेल्या वायरीतून आलेलं उत्तर

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त लहान चुलत भावंडांना घाबरवायला सांगितल्या. माझा विश्वास एरर लॉगवर. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण घडलंय, आणि माझ्याच टेबलावर घडलंय.

हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची स्प्रिंग तपासायची मशिन्स बनवणारी छोटी कंपनी आहे. मशीनची रीडिंग्ज यूएसबी-सीरियल वायरीने पीसीवर येतात. सॉफ्टवेअर माझं, वायरिंग निनादचं. आम्ही डिप्लोमापासूनचे दोस्त. अकरा वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खाल्लंय. दोघांनाही काम शिकवलं ते कंपनीतल्या गोरेकाकांनी. ते दोन वर्षांपूर्वी गेले.

काकांचा नियम होता. नवी वायर आली की तिच्या पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या पिना सेफ्टी पिनने जोडायच्या आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं — ‘आहेस का’. तेच शब्द स्क्रीनवर परत आले की वायरीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. सेफ्टी पिन लावली नाही तर काहीच परत येत नाही. येऊच शकत नाही.

त्या आठवड्यात वायर जोडली की दहा मिनिटांत निळी स्क्रीन, पीसी रिस्टार्ट. सोमवारी कस्टमरसमोर ट्रायल होती आणि आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, स्वच्छ सांगितलं होतं — तेव्हा बंद पडलं तर सॉफ्टवेअर बाहेरून करून घेऊ. म्हणजे मी घरी. क्रॅशच्या फाइलमध्ये दर वेळी नाव सीरियल ड्रायव्हरचंच, म्हणजे ही वायर पीसीशी बोलती करणाऱ्या सॉफ्टवेअरचं. मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, पोर्ट बदलले. वायरीबद्दल विचारलं तर निनाद म्हणाला, “काकांनी पास केलेली वायर आहे. आता त्यांनाही नापास करणार का तू?” लाल ठिपका होताच. मला स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी दुपारी निनाद जेवायला बाहेर गेला होता. मशीन बंद. वायरीचं दुसरं टोक टेबलावर मोकळं. मी सवयीने ‘आहेस का’ टाइप केलं, आणि मग लक्षात आलं की सेफ्टी पिन लावलीच नाहीये. ती शोधायला वाकणार, तेवढ्यात स्क्रीनवर ओळ उमटली.

‘खण ३’

आणि लगेच निळी स्क्रीन. लॉग सेव्ह झालाच नाही.

वर्कशॉपच्या कपाटातला तिसरा खण काकांचा. ते गेल्यापासून कुणी उघडत नसे. किल्ली मात्र अजून भिंतीवरच्या खिळ्याला होती. आत जुन्या मॅन्युअल्सच्या खाली एक निळी पिशवी — निनादच्या डब्याची, जिचा बंद मीच एकदा शिवून दिला होता. पिशवीत सहा वायरी, फिकट झालेल्या लाल ठिपक्यांच्या. त्यातली एक लावली. पीसी तासभर हूं की चूं न करता चालला.

निनाद आला, मशीन चालू बघून दारातच थांबला. वायर कुठे मिळाली हे त्याने विचारलंच नाही.

“खण तुला कुणी दाखवला?” एवढंच विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. नकली चिपच्या वायरी त्यानेच आणल्या होत्या. नवा ड्रायव्हर त्यांच्यावर कोसळतो, हे त्याने आधी करून पाहिलं होतं. ठिपकेही त्यानेच लावले आणि काकांनी तपासलेल्या खऱ्या वायरी खणात लपवल्या. सर आमच्यापैकी एकाला डिपार्टमेंट हेड करणार होते... मला हे माहीतही नव्हतं.

“एक ट्रायल फसली असती, स्वाती,” तो म्हणाला. “तुला काय, कुठेही जॉब मिळाला असता.”

मला फार राग आला, पण त्याहून जास्त रडू आलं. माझ्यावर घाव घालायला त्याने काकांचा ठिपका वापरला होता.

सोमवारची ट्रायल नीट झाली. महिन्याभरात निनाद कंपनी सोडून गेला. त्या ओळीची कारणं मी पुष्कळ शोधली. पोर्टमध्ये अडकलेला जुना डेटा म्हणावं, तर तो शब्द मी कधी पाठवला नव्हता. निनाद कशाला पाठवेल? नुसता नॉइज म्हणावा, तर नॉइजमधून कचरा येतो, खणाचा नंबर येत नाही. तीच नकली वायर लावून कितीदा करून पाहिलं. पुन्हा एक अक्षरही आलं नाही.

अजूनही जेवणाच्या सुट्टीत, एकटीच डबा उघडायच्या आधी, कधीतरी मी सेफ्टी पिन न लावता ‘आहेस का’ टाइप करते. स्क्रीन कोरीच राहते. हे मी काकांना विचारते की निनादला, ते मलाही नक्की सांगता येत नाही.